अक्कांच्या वहीतला 'स'

अक्का,

काल तुमच्या तेराव्याला तुमच्या बहिणीनं, सरोजक्कांनी, मला आग्रहानं दुसऱ्यांदा खीर वाढली आणि विचारलं, "ऊट सरी झालं ना गं?" मी मान हलवली, पान तसंच ठेवलं आणि हात धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात जाऊन रडले. कोणी फसलं असेल असं वाटत नाही. चार वर्षांपूर्वी आनेकलच्या पुढे त्या टेकडीच्या पायथ्याशी आपण पहिल्यांदा भेटलो, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न हाच होता, "ऊट झालं का?" मी पुण्याहून संशोधनासाठी नुकतीच आलेली, तुम्ही फील्डवरच्या जुन्या मदतनीस. मला ऐकू आलं, उंट झाला का. इथे माकडांबरोबर उंटही बघायचे असतात की काय, या विचारात मी खुळ्यासारखी बघत राहिले. तुम्ही पिशवीतून डबा काढून माझ्या नाकासमोर धरलात. ऊट म्हणजे जेवण. सरी म्हणजे ठीक, बरोबर, हे पुढे कळलं. माझं बंगळूरमधलं शिक्षण तिथे सुरू झालं.

त्याच दिवशी दुसरा धडा. एक दांडगा नर खडकावर येऊन बसला आणि तुम्ही हळूच म्हणालात, "ही कोती बघ, केवढी मोठी." मी पुण्याची. भाषेची चूक दिसली की गप्प बसणं मला जमत नाही. म्हटलं, "कोती आणि मोठी एकाच वेळी कशी असेल? कोती म्हणजे तोकडी, संकुचित." तुम्ही वळूनही बघितलं नाहीत. "कन्नडात कोती म्हणजे माकड. आणि आता स्वल्प गप्प बस, तो तुझ्या पिशवीकडे बघतोय." तो बघतच होता. पिशवी गेली, आतल्या बिस्किटांसकट आणि घराच्या किल्लीसकट. किल्ली तुम्ही दुपारपर्यंत कुठल्याशा कपारीतून शोधून आणलीत आणि एक शब्द बोलला नाहीत. मला मात्र त्या न बोललेल्या शब्दाचाच राग आला होता. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

मी लोकांना सांगायचे की मी माकडांच्या ताणावर संशोधन करते. तुम्ही म्हणायचात, "आम्ही कोतीची शी गोळा करतो." तुमचं वर्णन जास्त खरं होतं. जनावर घाबरलं, उपाशी राहिलं, मार खाल्ला, की त्याच्या शरीरात जे रसायन सुटतं, त्याचे अंश विष्ठेत उतरतात. रक्त काढायला नको, पिंजरा नको, सुई नको. माकडाच्या मागे मागे फिरायचं, त्याचं काम उरकेपर्यंत थांबायचं, ते पुढे गेलं की काडीनं उचलून स्पिरिटच्या नळीत भरायचं. पुढचं प्रयोगशाळेत. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्याच आठवड्यात नऊ नळ्या भरून तुमच्यासमोर ठेवल्या होत्या, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही एकेक उचलून विचारलंत, ही कोणाची? ही कोणाची? मला तीनच नळ्यांचं उत्तर देता आलं. उरलेल्या सहा तुम्ही शांतपणे झुडपात ओतून दिल्यात आणि म्हणालात, "कोणाची ते माहीत असलं तर नमुना. नाहीतर नुसती घाण."

त्या सहा नळ्यांसाठी मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. आज नवीन मुलांना शिकवताना पहिलं वाक्य हेच सांगते.

आपल्या दोन टोळ्या होत्या. एक टेकडीवरची आणि एक बनशंकरीच्या गल्ल्यांतली, तुमच्याच घराच्या मागची. जात एकच. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस, लांब शेपटी. पण टेकडीवाली माकडं अजून उंबर आणि चिंचेचा पाला खात होती, आणि गल्लीवाल्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजता येत होत्या. तिसरी शिट्टी झाली की बाई गॅस बंद करून बाहेर जाते आणि खिडकी उघडी राहते, हे तुमच्या समोरच्या घराबद्दल टोळीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. तुम्ही हसून हसून सांगायचात. मला हसू यायचं नाही. बिबट्या दिसला की द्यायची ती ठरलेली हाक या पोरांनी आयुष्यात ऐकलेली नाही, याचं मला वाईट वाटायचं. तुम्ही म्हणायचात, "बिबट्या आहे कुठे गल्लीत? कुकर आहे. तो शिकले."

तुम्ही सगळ्यांना नावं दिली होती आणि मी आकडे. माझ्या तक्त्यात जी सात नंबरची मादी होती ती तुमची हेडबाई, कारण ती आली की सगळे उठून जागा द्यायचे. बसच्या दारातून आत शिरून थेट शेवटच्या सीटपर्यंत हात मारत जाणारा नर तुमचा कंडक्टर. आणि हेडबाईच्या त्या दोन मुली, गुंडी आणि बटन, ज्यांच्यात मला कधी फरक करता आला नाही. तोंडं सारखी, चाल सारखी, कजाग स्वभावही सारखा. बटनच्या डाव्या कानाच्या टोकाला नखाएवढी खाच होती. ती दिसायची फक्त कान तुमच्याकडे असला तर, आणि बटन, हे कळल्यासारखी, नेहमी उजवीकडूनच दिसायची. संशोधनात नावं देऊ नयेत, जीव गुंततो, असं मी पुस्तकी थाटात तुम्हाला ऐकवलं होतं. तुम्ही म्हणालात, "जीव गुंतल्याशिवाय कान कोण बघतं गं?"

आणि जेवायचं कधीच नाही त्यांच्यासमोर. हा तुमचा नियम मी दोनदा मोडला आणि दोनदा पस्तावले. डबा बसमध्येच उरकायचा, हात पुसायचे, वास जाईल असं लिंबू चोळायचं, मग उतरायचं. "त्यांना एकदा घास दिसला की तू माणूस राहत नाहीस, डबा होतेस," असं तुम्ही म्हणायचात. तुमच्या डब्यातलं सार-भात मी चार वर्षं हलत्या बसमध्ये खाल्लं. इतकं मन लावून मला आईशिवाय कोणी जेवू घातलेलं नाही. हे मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. मीठ जास्त झालंय, तेवढं मात्र दोन-तीनदा सांगितलं.

आपलं मुख्य भांडण अर्धवट राहिलं. गल्लीतल्या लोकांनी माकडं पकडून लांब सोडण्याची मागणी सुरू केली, तेव्हा मी त्यांच्या बाजूनं होते. टेकडीवर सोडावीत, झाडं आहेत, पाणी आहे, मुळातली तिथलीच ती. तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात.

"मुळातली म्हणजे कधीची? आमचे लोक कुठून साताऱ्याकडून आले म्हणतात. तीनशे वर्षं झाली की चारशे, कोणाला माहीत. उद्या मला उचलून साताऱ्याला नेऊन सोडशील काय? मुळातली म्हणून?"

"अक्का, तुम्ही माणूस आहात."

"माझी मराठी ऐकून तू चार वर्षं हसतेस. तिथे सगळा गाव हसेल. मला तिथली भाजी कळणार नाही, वाट कळणार नाही. आणि टेकडीवर हेडबाई आहे. ती नवीन टोळीला बसायला जागा देईल असं वाटतं तुला? फाडून खाईल."

मी हसत होते हे खरं होतं. 'मध्यान्ह येते', 'स्वल्प सरक' ही तुमची वाक्यं मी पुण्याच्या मैत्रिणींना फोनवर नकला करून ऐकवायचे. तुम्हाला ते कळलेलं होतं आणि तरी तुम्ही माझ्यासमोर तसंच बोलत राहिलात. त्याबद्दल आधी माफी आणि मग आभार, कारण आता माझ्याच तोंडात ते शब्द बसलेत. परवा आईला फोनवर म्हटलं, "स्वल्प थांब." ती म्हणाली, काय गं, ब्राह्मणी पूजा सांगतेस की काय. मूळ वादाचं म्हणाल तर, ती टोळी अजून गल्लीतच आहे, तेवढं सांगते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

दीड वर्षापूर्वी मी तीन महिने स्वतःला प्रयोगशाळेतच गाडून घेतलं होतं आणि टेकडी तुम्ही एकट्यानं सांभाळत होतात. शरीराचं घड्याळ असतं, सकाळ-दुपार रसायनांची पातळी हलते. म्हणून नमुने फक्त सकाळचे घ्यायचे, हा आपला नियम. तुमची वही आली की मी ती संगणकात चढवायचे. तारीख, कोण, कुठे, आणि शेवटी तुमचं ते अक्षर, 'स.' प्रत्येक ओळीपुढे स. मी डोळे झाकून टंकत गेले, सकाळ, सकाळ, सकाळ. आणि निकाल आला तो भलताच. टेकडीवरची निवांत माकडं एक दिवस भेदरलेली तर दुसऱ्या दिवशी गाढ शांत. कशाचा कशाला मेळ नाही.

माझ्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांना बोलावलं. मोठं टेबल, आठ-दहा माणसं, तुम्ही दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन. सरांनी मला विचारलं, हे असं का? माझं काम धोक्यात होतं, तीन महिन्यांची मेहनत आणि त्याच्यावर उभा असलेला प्रबंध. मी म्हटलं, "फील्डवरच्या नोंदी नीट नसतात, सर. अक्कांचं वय झालंय. कोणता नमुना कोणाचा यात गोंधळ होत असावा."

तुमच्याबद्दल हे मी म्हटलं, ज्यांनी माझ्या सहा नळ्या झुडपात ओतल्या होत्या त्यांच्याबद्दल. सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, फार वेळ नाही, आणि म्हणालात, "सरी."

बैठक संपली. बाहेर पडताना तुम्ही माझा कागद मागितलात. गॅलरीत उभं राहून चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन वाचलात. "इथे सगळीकडे सकाळ असं का लिहिलंस?"

"तुम्हीच लिहिलंय. स."

"स म्हणजे सकाळ?"

"मग काय?"

"स म्हणजे सरी गं! मी डोळ्यांनी बघितलं, कोणाची ती पक्कं, सरी. नाही बघितलं तर मी स लिहीतच नाही. तुझ्या नमुन्यांपुढे कधी लिहिलाय?"

तुम्ही हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात, भिंतीला टेकून. कन्नड घरात कोणाचा असा गोंधळ झाला नसता आणि पुण्यातही झाला नसता. त्यासाठी तुम्ही आणि मी दोघीच हव्या होतो. मला हसता येईना. कारण मला तेव्हा आठवलं की तीन महिन्यांपूर्वी तुमचा फोन आला होता. "थोडे दिवस मी मध्यान्ह जाते टेकडीवर, चालेल? सरी ना?" मी यंत्रापुढे उभी होते, कान आणि खांद्यामध्ये फोन. काही न ऐकता मी म्हटलं होतं, "सरी, सरी."

तुमची सरी बघितल्याशिवाय कधी उमटली नाही. माझी ही अशी.

काम तुम्हीच वाचवलंत. वहीत वेळेचा रकाना नव्हता, कारण तो मीच आखला नव्हता. पण खुणेसाठी तुम्ही प्रत्येक पानात त्या दिवशीचं बसचं तिकीट घालून ठेवायचात, आणि तिकिटावर वेळ छापलेली असते. तुम्ही त्या वह्या घेऊन माझ्याकडे आलात आणि आपण दोघी अकरा दिवस बसलो. तुम्ही तिकीट वाचायचात, मी टंकायचे. दुपारी साडेबाराचं तिकीट, म्हणजे त्या दिवसाचे सगळे नमुने दुपारचे. सकाळी सहाचं तिकीट, सकाळचे. जिथे तिकीट फाटलेलं तिथे तुम्ही डोळे मिटायचात. "त्या दिवशी शाळेची सहल आली होती. कंडक्टरनं पोरांचा पुलाव उचलला. म्हणजे जेवणाची वेळ. मध्यान्ह." एकदाही चुकला नाहीत. सहलीच्या दिवशी मी शाळेत फोन करून खात्रीसुद्धा करून घेतली होती, तुमच्या माघारी. तेव्हाही माझा विश्वास बसायचा होता.

सकाळचे आणि दुपारचे वेगळे केले तसा सगळा मेळ बसला. टेकडीवाली जशी असायला हवी तशी निघाली. गल्लीवाल्यांचं पोट भरलेलं, हे एक रसायन सांगत होतं. जीव मात्र थाऱ्यावर नाही, हे दुसरं सांगत होतं. मी तुम्हाला आलेख दाखवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे बेंगळूरच्या सगळ्यांचंच काढ ना मग." पुढच्या वहीत तुम्ही स्वतः लाल पेननं पट्टी लावून एक रकाना आखलात. वर लिहिलंत, वेळ.

पण त्या अकरा दिवसांत मी काय वाचलं नाही, ते मला गेल्या आठवड्यात कळलं.

सरोजक्कांनी मला तुमच्या सगळ्या वह्यांची पेटी दिली. "तिनं सांगून ठेवलं होतं, पुण्याच्या हुडगीला दे म्हणून." हुडगी म्हणजे मुलगी. ती तिकिटं अजून त्याच पानांत आहेत. मी सहज एक उचललं. वेळ साडेबारा. त्याच्या वरच्या ओळीत चढण्याचा थांबा छापलेला. तो बनशंकरीचा नाही. दुसरं उचललं, तिसरं उचललं. दुपारच्या प्रत्येक तिकिटावर थांबा तोच, शहरातल्या मोठ्या इस्पितळासमोरचा. सरोजक्कांना विचारलं तेव्हा कळलं, तुम्ही सकाळी उपचार घेत होतात, सुई काढली की तिथूनच बस पकडून टेकडीवर येत होतात आणि खडकाखडकांवरून हेडबाईच्या मागे फिरत होतात. म्हणून मध्यान्ह. आणि तीच तिकिटं तुम्ही अकरा दिवस माझ्यासमोर एकेक करून मोठ्यानं वाचलीत, वेळ तेवढी वाचलीत, वरची ओळ गाळून. मी समोर बसून होते. कधी हात पुढे करून तिकीट बघितलं नाही.

तुम्हीच मला दाखवलं होतं, लंगडणारी माकडीण समोरून दुसरी टोळी आली की सरळ चालायला लागते. "दुखणं कोणासमोर दाखवायचं ते तिला बरोबर कळतं," म्हणाला होतात. मी ते वहीत उतरवून घेतलं, खाली रेघसुद्धा मारली. विष्ठेच्या चिमटीएवढ्या नमुन्यातून मी कोणत्या माकडिणीची कालची झोप मोडली ते सांगू शकते, आणि शेजारी बसून माझा भात मऊ करून देणाऱ्या बाईचं काय चाललंय ते मला दिसलं नाही. तुम्ही त्या दिवसांत वाकताना गुडघ्यावर हात ठेवायचात. मी मनात म्हणायचे, अक्का आळसावल्या.

या सगळ्याचं दुःख आहे, नाही कशाला म्हणू. पण खोटं वाटेल, या आठ दिवसांत दुःखापेक्षा दुसरंच काही जास्त दाटून येतंय. तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी तुम्हाला टेकडीवर येऊ दिलं नसतं. मी तशीच आहे, काळजीच्या नावाखाली हुकूम सोडणारी. सरोजक्का म्हणाल्या, "टेकडीवरून आली की तिचा चेहरा वेगळा असायचा बघ. त्या दिवशी जेवायची." मग मला वाटलं, बरं झालं नाही सांगितलंत. तुम्हाला ती टेकडी मिळाली, शेवटपर्यंत. आणि मला तुम्ही मिळालात, तेही अशा दिवसांत, जे दुसऱ्या कोणी अंथरुणात काढले असते. माझ्या प्रबंधातली प्रत्येक रेघ त्या बसमधून आलेली आहे. याच्या बदल्यात मी तुम्हाला काय दिलं हे आठवायचा प्रयत्न करते तेव्हा फार काही हाताला लागत नाही. एक लाल पेन दिलं होतं.

सोमवारी मी त्याच खोलीत, त्याच टेबलाशी उभी राहून सांगितलं. तेव्हा चूक अक्कांची नव्हती, माझी होती, त्या नोंदी नीट होत्या, मला वाचता आल्या नाहीत. सर म्हणाले, जुनी गोष्ट झाली, कशाला आता. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी दाराजवळ बसून त्यांनी ऐकलं होतं."  प्रबंधाच्या सुरुवातीला खुणांची यादी असते, त्यात मी एक ओळ वाढवली आहे. स, म्हणजे सरी: निरीक्षकानं स्वतः पाहून खात्री केलेला नमुना. परीक्षकांना काय वाटायचं ते वाटो.

आपला शेवटचा दिवस तुम्हाला आठवत असेल. दोन महिन्यांपूर्वीचा. आपण उशिरा निघालो. तुम्ही पायथ्याच्या देवळाच्या पायरीवर बसलात, म्हणालात, "तू जा वर. मी इथून बघते." तिथून चिंचेशिवाय काही दिसत नाही हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. मी एकटी वर गेले. पाण्याच्या टाकीमागे त्या दोघी बहिणींपैकी एक बसली होती, अर्थात उजवी बाजू माझ्याकडे करून. पूर्वीची मी असते तर अंदाजानं गुंडी लिहून मोकळी झाले असते. मी थांबले. ऊन तापलेलं, माश्या, अंगठ्याला मुंगी चावलेली. मी जागची हलले नाही. किती वेळ गेला कोण जाणे, तिनं मान वळवली आणि डाव्या कानाची खाच मला दिसली. नमुना घेऊन खाली आले. तुम्ही वही मांडीवर घेऊन बसला होतात.

"कोणाची?"

"बटनची."

पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, कोणता कान, कशावरून, नक्की का. त्या दिवशी तुम्ही काही विचारलं नाहीत. खाली बघून लिहिलंत, वही मिटलीत आणि म्हणालात, "चल, बस येईल." माझे नमुने तुम्ही लिहायचात तेव्हा शेवटचा रकाना नेहमी कोरा असायचा. चार वर्षं. मी कधी बोलले नाही, पण अर्थ कळल्यापासून तो कोरा रकाना मला खुपायचा. त्या गोंधळानंतर एकदा तुम्हीच म्हणाला होतात, "मी बघितलं नाही तर सरी कशी लिहू?" आणि ते बरोबरच होतं.

आज सकाळी मी पेटीतली शेवटची वही उघडली. शेवटचं लिहिलेलं पान. अक्षर थोडं हललेलं, पण तुमचंच. बटन. टाकीमागे. ३.२०. आणि शेवटच्या रकान्यात, टिंबासकट, स.

तुम्ही पायरीवर होतात, अक्का. तुम्ही काही बघितलं नव्हतंत.

मी एकदा फसलेली आहे, म्हणून घाई केली नाही. चष्मा पुसला, वही खिडकीपाशी नेली, तुमच्या लाल रकान्यातली वेळ पुन्हा वाचली. तीन वीस. म्हणजे हा स सकाळचा असूच शकत नाही.